कर्जखताच्या मागचा हिशेब

(सांगली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'गरीब देशांची कर्जं आणि कर्जमाफी'. विषय दूरचा वाटेल. मी मात्र सुरुवात जत तालुक्यातल्या एका गोठ्यापासून करणार आहे, कारण मला हा विषय तिथंच पहिल्यांदा कळला.

मी तेव्हा एका बँकेच्या वसुली खात्यात होतो. १९८८ चा मार्च महिना. थकबाकीदारांची यादी घेऊन एका वाडीवर गेलो. गोठ्यात गव्हाणीशेजारी पोत्यानं झाकलेली पाच अश्वशक्तीची मोटार होती. पोतं उचललं तर रंग जसाच्या तसा, कंपनीचा कागदी बिल्लासुद्धा निघालेला नव्हता. चार वर्षांपूर्वी विहीर, मोटार आणि पाइपलाइन अशा योजनेत ते कर्ज झालेलं. पैसे शेतकऱ्याच्या हातात पडलेच नव्हते, बिल थेट दुकानदाराला गेलं होतं. विहिरीला दिवाळीनंतर पाणी राहत नव्हतं. मुद्दल साडेआठ हजार, आणि व्याज, दंडव्याज धरून येणं वीस हजारांच्या घरात. मी पंचनाम्याचा कागद काढला तशी घरातली म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, "सायेब, हिरीला पानी न्हाई हे आमाला ठावं हुतं. तुमच्या बँकंलाबी ठावं हुतं. मग आंगठा कशाला घेतलासा?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी पंचनामा लिहिला, मोटार उचलली. पुढं ते कर्ज ज्या वर्षी झालं त्या वर्षीचं उद्दिष्टाचं पत्रक मी दप्तरातून शोधून काढलं. मार्चअखेरपर्यंत इतक्या मोटारींची कर्जं झालीच पाहिजेत, एवढंच त्यात होतं. पाण्याचा दाखला कुठंच मागितलेला नव्हता.

आज मी त्या म्हातारीचा प्रश्न देशांच्या कर्जाला लावून बघणार आहे.

नॉर्वेचं उदाहरण घ्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगात नव्या जहाजांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि नॉर्वेच्या गोद्या ओस पडायला लागल्या. कामगार घरी बसणार, म्हणून सरकारनं १९७६ ते १९८० या काळात एक मोहीम काढली. गरीब देशांनी नॉर्वेत बांधलेली जहाजं घ्यावीत, त्यासाठी कर्ज मिळेल, आणि त्या कर्जाला नॉर्वे सरकारची हमी राहील. २१ देशांकडं १५६ जहाजं गेली. मोहिमेला विकासाच्या मदतीचं रूप दिलेलं होतं. पण त्या देशात ती जहाजं चालवून कमाई होईल का, भरायला माल आहे का, याची नीट छाननी कुणी केली नाही. बहुतेक व्यवहार बसले. जहाजं गेली, कर्ज राहिलं, आणि पंचवीस वर्षं त्यावर व्याज चढत गेलं.

नॉर्वेतल्याच चर्चच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांनी हा विषय लावून धरला. अखेर ऑक्टोबर २००६ मध्ये नॉर्वे सरकारनं सांगितलं की ही मोहीम हे आमचं फसलेलं विकासधोरण होतं आणि धनको म्हणून जबाबदारीत आमचाही वाटा आहे. इक्वेडोर, इजिप्त, जमैका, पेरू आणि सिएरा लिओन या पाच देशांची त्या मोहिमेतली उरलेली कर्जं, सुमारे ८ कोटी डॉलर, कोणतीही अट न घालता रद्द केली. आणि ही रक्कम आपल्या परदेशी मदतीच्या आकड्यात धरायची नाही, असंही ठरवलं.

जगाच्या हिशेबात ८ कोटी डॉलर काहीच नाहीत. पण धनकोनं आपली चूक कागदावर कबूल करावी, ही गोष्ट माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही पाहिली नाही. आपण 'कर्जमाफी' म्हणतो तेव्हा गुन्हा घेणाऱ्याचा आणि मोठेपणा देणाऱ्याचा, असं त्या शब्दातच ठरून जातं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'माफी' हा शब्द टाकून 'कर्जमुक्ती' म्हणायचा आग्रह धरला होता, तो याचसाठी. मीही यापुढं तोच शब्द वापरणार आहे.

आता कुणी म्हणेल, घेतलेलं फेडायचं हा धर्म आहे, करारामागं काय घडलं ते उकरत बसलं तर सावकारी चालायची कशी? याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. मला त्यावर जरा वेळ घालवू द्या.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस थांबला, मुंबईचा भाव कडाडला आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारात सावकार आपणहून पैसे घेऊन आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यातच जमीनमहसुलाची नवी आकारणी वाढीव आली. सावकारानं हात आखडला आणि जुनी कर्जखतं घेऊन तो कोर्टात गेला. कोर्ट खत बघायचं, खालचा अंगठा बघायचं आणि हुकूमनामा द्यायचं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोक उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. लोकांनी ठिकठिकाणी सावकारांकडून खतं आणि हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे आजचे आपले तालुके होते. हा जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. म्हणजे इथं बसलेल्या कित्येकांच्या खापरपणजोबांना तो कायदा लागू होता.

त्या कायद्यात काय होतं? कोर्टानं खतावरच्या आकड्यावर थांबायचं नाही. पहिला पैसा कधी दिला, किती दिला, किती परत आला, हा सगळा व्यवहार मुळापासून उघडायचा. मुद्दल वेगळं मांडायचं, व्याज वेगळं मांडायचं, व्याजावर व्याज धरायचं नाही. आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. हा आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम, तो कायद्यात आला. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकायचं नाही. आणि सावकारानं पैसे मिळाल्याची पावती द्यायची, हिशेब लिहून द्यायचा. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून काम केलं, त्यासाठी ते गावोगाव फिरले.

इंग्रज सरकारला शेतकऱ्याचा कळवळा आला म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. त्यांना दंगा नको होता. पण तत्त्व पक्कं झालं. खताच्या मागं जाता येतं, आणि गेलं म्हणून सावकारी बंद पडत नाही.

हाच दिवा घेऊन १९७० च्या दशकात जाऊ. १९७३ मध्ये तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. तेल विकणाऱ्या देशांचे डॉलर पाश्चात्त्य बँकांत येऊन पडले आणि बँकांना गिऱ्हाईक पाहिजे होतं. कापसाच्या तेजीत आपल्याकडं झालं तेच. लॅटिन अमेरिका, आफ्रिका, जो मागेल त्याला आणि न मागणाऱ्यालाही कर्ज. बरीच कर्जं बदलत्या व्याजाची होती. १९७९ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं स्वतःच्या देशातली महागाई मोडायला व्याजदर वर नेले, १९८१ मध्ये ते वीस टक्क्यांच्या आसपास पोचले. त्याच वेळी तांबं, कापूस, कॉफी यांचे भाव खाली आले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोनं हात वर केले आणि मग रांग लागली.

त्यावर उपाय काय निघाला? आपल्या सोसायट्यांमध्ये ज्याला 'नवंजुनं' म्हणतात, तेच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुनं कर्ज कागदावर भरलं, एप्रिलमध्ये तेवढंच नवं उचललं, व्याज मुद्दलात मिसळलं. सचिव खूश, बँक खूश, सभासद आणखी खोलात. धनको सरकारांचा एक गट आहे, पॅरिस क्लब म्हणतात त्याला. १९५६ मध्ये अर्जेंटिनाच्या कर्जासाठी ही मंडळी पॅरिसला जमली, तेव्हापासून तो चालू आहे. ऐंशीच्या दशकात तिथं एकेका देशाचं नवंजुनं वारंवार होत राहिलं. मूळ कर्ज कशासाठी दिलं होतं, हा प्रश्न त्या टेबलावर येत नसे.

नायजेरियाचे अध्यक्ष ओबासांजो यांनी २००० मध्ये सांगितलेला हिशेब ऐका. १९८५-८६ पर्यंत आम्ही घेतले ५ अब्ज डॉलर, आजवर फेडले १६ अब्ज, आणि अजून २८ अब्ज येणं आहे म्हणतात. हा त्यांच्या बाजूचा हिशेब आहे, धनकोची बाजू वेगळी असेल. पण दामदुपटीचा नियम ठाऊक असलेल्या माणसानं हे आकडे वहीत मांडून बघावेत. पाच बाकी असतील तर एका वेळी दहाच्या वर येणं दाखवायचं नाही, असं आमच्या आज्यापणज्यांचा कायदा सांगत होता.

२००५ मध्ये पॅरिस क्लबनं नायजेरियाचे सुमारे १८ अब्ज सोडले, पण बाकीचे जवळजवळ १२ अब्ज त्या देशानं रोख मोजले. आणि सोडलेली रक्कम धनको देशांनी परदेशी मदत म्हणून दाखवली. इराकच्या कर्जाचंही तेच केलं. त्या वर्षी जगातली मदत प्रथमच १०० अब्ज डॉलरच्या वर गेल्याचं जाहीर झालं, ते बरंचसं या दोन खात्यांमुळं. हे मला बँकेचा माणूस म्हणून पटत नाही. जे येणं बुडीतच होतं ते निर्लेखित केलं, म्हणजे येण्यातून काढून टाकलं, तर ते ताळेबंदात बुडीत म्हणून लिहावं. दानधर्माच्या वहीत लिहू नये. नॉर्वेनं ते लिहिलं नाही, म्हणून मी नॉर्वेचं नाव आधी घेतलं.

कर्जमुक्तीनं काही भलं झालं नाही असं मात्र कुणी समजू नये. १९९६ मध्ये जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी योजना काढली. ती अपुरी होती. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांची बैठक असताना हजारो लोकांनी हातात हात घालून साखळी केली, पुढच्या वर्षी योजना सुधारली, २००५ मध्ये जागतिक बँकेसारख्या बहुपक्षीय संस्थांची कर्जंही त्यात आली. सदतीस देशांची मिळून १०० अब्ज डॉलरहून जास्त कर्जं गेली. युगांडाला ही सवलत सगळ्यात आधी मिळाली. त्या देशानं १९९७ मध्येच प्राथमिक शाळेची फी बंद केली होती, आणि सुटलेला पैसा वेगळ्या निधीत ठेवून तो शाळा, दवाखाने, पाणी यांवर खर्च केला. टांझानियानं २००१ मध्ये फी काढली. शाळेत मुलं मावेनात. टांझानियाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी ऐंशीच्या दशकात विचारलं होतं, कर्ज फेडण्यासाठी आम्ही आमच्या मुलांना उपाशी ठेवायचं का? त्यांच्या देशाला थोडंफार उत्तर मिळायला पंधरा वर्षं लागली.

आणि तरी कर्ज परत आलं. १८७९ च्या कायद्यानंतर सावकारानं गहाणखत सोडून खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली होती, म्हणजे कोर्टाला मागं जायला व्यवहारच उरू नये. देशांचंही तसंच झालं. सरकारी धनकोंकडून सुटलेले देश रोखे बाजारात गेले, म्हणजे रोखे विकून खासगी गुंतवणूकदारांकडून कर्ज घ्यायला लागले. झांबियाचं सुमारे ७ अब्ज डॉलरचं कर्ज उतरून अर्ध्या अब्जावर आलं होतं. २०१२ ते २०१५ दरम्यान त्यानं ३ अब्जांचे रोखे काढले, चीनकडून घेतलं ते वेगळं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला. यात तिथल्या राज्यकर्त्यांचा दोष आहेच. घेणाऱ्याला सगळं माफ, असं माझं म्हणणं नाही. जतच्या त्या घरातल्या कर्त्या पुरुषानंही अंगठा देताना विचार करायला हवा होता.

पण झांबियाचीच आणखी एक गोष्ट सांगतो. १९७९ मध्ये झांबियानं रुमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं उधारीवर घेतली. तांब्याचा भाव पडला, पैसे थकले. व्याजासकट ते येणं ३ कोटी डॉलरच्या आसपास गेलं. रुमानिया अगदी थोडक्यात तडजोड करायला तयार होता, बोलणी चालू होती. तेवढ्यात १९९९ मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीनं ते येणं सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतलं आणि पुढं झांबियावर लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटींचा दावा लावला. २००७ मध्ये कोर्टानं मागणी कापली, तरी दीड कोटीच्या वर मंजूर केलेच. इतर देशांनी कर्ज सोडल्यामुळं झांबियाच्या तिजोरीत जे चार पैसे उरले, ते उचलायला गिधाडं आली. गिधाड फंड हेच नाव त्यांना पडलंय. २०१० मध्ये ब्रिटनच्या संसदेनं कायदा करून अशा वसुलीवर मर्यादा घातली. पुन्हा तेच बघा, संसदेनं ठरवलं तर कोर्ट खताच्या मागं जाऊ शकतं.

जर्मनीचं थोडक्यात सांगतो. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनमध्ये करार झाला आणि पश्चिम जर्मनीचं महायुद्धाआधीचं आणि नंतरचं मिळून जवळजवळ निम्मं कर्ज सोडण्यात आलं. उरलेलं फेडताना जर्मनीच्या निर्यातीची कमाई बघायची, असंही ठरलं. म्हणजे कर्ज फेडून घ्यायचं असेल तर धनकोनं ऋणकोचा माल विकत घ्यावा. सही करणाऱ्या धनको देशांत ग्रीस, पाकिस्तान आणि श्रीलंकाही होते. जर्मनीला जे मिळालं ते त्याच देशांना पुढं तितक्या सहज कुणी दिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आपल्याकडं येतो. १९६६ साली मी दहा वर्षांचा होतो. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभा राहायचो. जोंधळ्याच्या मुलखात आम्ही अमेरिकेचा तांबूस गहू खात होतो. आई म्हणायची, पोळी ओढली तरी तुटत नाही. तो गहू पी.एल. ४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखालच्या करारातला. त्याचे पैसे भारत रुपयात भरत होता आणि ते रुपये इथंच अमेरिकेच्या नावावर साठत होते. साठले इतके की अमेरिकेनं ते एकदम खर्च केले असते तर आपल्याकडं भाव भडकले असते, आणि देशाबाहेर नेऊन त्यांचा उपयोग नव्हता. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती दिला. त्या वेळचा तो जगातला सर्वांत मोठा धनादेश मानला गेला. आपणही कर्जमुक्ती घेतलेला देश आहोत, हे आपल्या पोरांना माहीत असावं.

आणि आज आपण धनको आहोत. २००३ मध्ये भारतानं मोझांबिक, टांझानिया, युगांडा, झांबिया, घाना अशा सात गरीब देशांची कर्जं सोडली. २०२२ मध्ये श्रीलंका बुडाली तेव्हा आपण सुमारे ४ अब्ज डॉलरचा हात दिला, आणि कर्जाच्या फेरमांडणीची हमी नाणेनिधीला सगळ्यात आधी, जानेवारी २०२३ मध्ये, आपणच दिली. मला याचा अभिमान आहे.

म्हणूनच पुढचं बोलणं भाग आहे. भारताच्या एक्झिम बँकेमार्फत, म्हणजे निर्यात-आयात बँकेमार्फत, सरकार परदेशांना पतपुरवठा करतं. सर्वसाधारण अट अशी की त्या पैशातला किमान तीन चतुर्थांश माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. २००७ च्या सुमारास इथिओपियाला ६४ कोटी डॉलर मंजूर झाले, कशासाठी? साखर कारखान्यांसाठी. फिंचा, वोंजी-शोआ आणि तेंडाहो. सांगली जिल्ह्यात साखर कारखाना म्हणजे काय हे मी सांगायला नको. ऊस उभा आहे आणि गाळप सुरू होत नाही, यात शेतकऱ्याचं काय होतं ते इथल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी भोगलंय. तेंडाहोचा कारखाना वर्षानुवर्षं रखडला. डिसेंबर २०२३ मध्ये इथिओपियानं रोख्यांवरचा हप्ता चुकवला आणि त्या देशाच्या कर्जाची फेरमांडणी करायची वेळ आली. देश कर्जात बुडायला कारणं पुष्कळ, युद्ध झालं, महामारी झाली, आपले कारखाने हे त्यातलं एक लहान पान. पण ते पान आपल्या वहीतलं आहे. कर्ज आपलं, यंत्रं आपली, ठेकेदार आपले. उशीर कुणामुळं झाला, त्या काळाचं व्याज कुणी सोसायचं, हा प्रश्न भारतानं विचारला पाहिजे, तो इथिओपियानं विचारायची वाट न बघता.

१८७९ च्या कायद्यानं सावकाराला पावती द्यायला लावली होती. माझी मागणीही तेवढीच आहे. भारतानं दिलेल्या प्रत्येक परदेशी कर्जाचं एक पान संसदेसमोर यावं. कशासाठी दिलं, माल कुणाचा गेला, काम पुरं झालं का, मुद्दल किती आलं, व्याज किती. आपल्या जिल्ह्यात कारखान्याचा ताळेबंद वाचू शकणारी माणसं गावोगाव आहेत. आपल्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं त्या तीन कारखान्यांचा विषय घ्यावा, यंत्रांच्या निविदेपासून पहिल्या गाळपापर्यंत. माझ्याकडं गेल्या काही वर्षांत जमवलेली कात्रणं आणि अहवाल आहेत, दोन पेट्या भरतील. ज्याला पाहिजेत त्यानं कार्यक्रम झाल्यावर मला भेटावं.